परसातली तीन पर्सिमन: ओळख पटवण्याच्या नोंदी

23 मे 2021

घराबरोबर मागच्या परसातली तीन मोठी पर्सिमनची झाडंही आमच्या पदरात पडली. जागा अमेरिकेतल्या इंडियानात, ब्लूमिंग्टनच्या दक्षिणेला, चुनखडीच्या पट्ट्यात. वर वीतभर बरी माती, खाली पिवळी चिकणमाती. आधीच्या मालकांनी दोन झाडांना तारेनं अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बांधल्या होत्या. पट्ट्यांवरची अक्षरं पार उडाली आहेत आणि तार फांदीत रुतली आहे. तिसऱ्याला पट्टीच नाही. विचारावं तर मालक आता हयात नाहीत, आणि मुलांना झाडांचं काही ठाऊक नाही.

तात्पुरती नावं जागेवरून ठेवली: शेड, मधलं, कुंपण.

हे अमेरिकन पर्सिमन, म्हणजे डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. हिमाचलातून मुंबईच्या बाजारात येणारं मोठं ‘जपानी फळ’ वेगळं, ती डायोस्पायरॉस काकी. इथल्या थंडीत तिचा भरवसा नाही. आत्याला व्हिडिओवर पानं दाखवली. ती गोंदियाकडच्या देवरीची, हयातभर तेंदूपत्त्याचा हंगाम बघितलेली. “अगं, हे त टेंभराच्या खानदानातलं दिसते,” म्हणाली, “कच्चं नोको खाजो, तोंड बांधून जाते.” दोन्ही गोष्टी खऱ्या. तेंदू याच वंशातला, आबनूसही याच वंशातला. अमेरिकन पर्सिमनचं लाकूडही तसंच घट्ट आणि जड; लाकडी गोल्फ क्लबची डोकी आणि मागाचे धोटे त्याचे करत.

काम काय ते लिहून ठेवते. एक, ही तीन झाडं कोणत्या जातींची ते शोधायचं. दोन, खात्रीच्या जातींच्या काड्या आणून कलमं करायची. दुसरं काम पुढच्या वर्षी. यंदा सतरा वर्षांनी येणाऱ्या सिकाडा किड्यांची दहावी फळी जमिनीतून वर येतेय. पेन्सिलीएवढ्या कोवळ्या फांद्या चिरून त्यात माद्या अंडी घालतात, त्यामुळे नवं रोप किंवा कलम यंदा लावणं म्हणजे त्यांना आमंत्रण.

2 जून 2021

फुलं आली. पर्सिमन उशिरा जागं होतं: सफरचंदाची फुलं गळून फळं धरली तरी हे नुकतं पालवतं. म्हणून उशिराच्या दहिवरातून, म्हणजे गोठलेल्या दवातून, सहसा सुटतं. फुलं त्याच वर्षीच्या कोवळ्या फुटीवर येतात, पानांच्या बगलेत.

भिंग घेऊन बसले. शेड आणि कुंपण या दोन्हींवर बगलेत एकेकच फूल, दीडएक सेंटिमीटरचं, जाड पिवळट पाकळ्यांचं, कडा बाहेर वळलेल्या. मागे चार पाळ्यांची रुंद हिरवी टोपी. पुढे फळावर वांग्यासारखी राहते ती हीच. ब्लेडनं उभं चिरलं तर मध्ये अंडाशय, वर चार फाटे, आणि भोवती बिनपरागाचे आठ खुरटे पुंकेसर. रस्त्याच्या चरालगत एक रानटी झाड आहे, त्याची फुलं तिघातिघांच्या झुबक्यात, लहान, अरुंद सुरईच्या घाटाची. त्यातलं एक चिरलं तर आत सोळा पुंकेसर जोडीजोडीनं दाटलेले आणि अंडाशयाच्या जागी नुसतं केसाळ टेंगूळ. तो नर. पर्सिमनमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि आमच्या मधमाश्यांना हा नर अगदी सोयीचा आहे.

मधल्या झाडाचं मात्र कुतूहल वाढलं. झाड मादी, पण उत्तरेकडच्या एका खालच्या, रोडावलेल्या फांदीवर तिघांचे झुबके. चिरून पाहिले, पराग आहे. मादी झाडानं मधूनच नर फुलं देणं हे अर्ली गोल्डन या जातीचं आणि तिच्या वंशावळीचं ठरलेलं लक्षण. अर्ली गोल्डन 1880 च्या सुमारास इलिनॉयमधल्या आल्टन इथं मिळाली. गॅरेटसन आणि किलन या तिच्या बियांपासून झालेल्या जाती, आणि किलनच्या बियांतून पुढे जॉन रिक. इंडियाना-इलिनॉयमधल्या चांगल्या नामांकित जातींत तिचं रक्त कुठे ना कुठे सापडतंच.

पहिला धागा हाती लागला, पण एवढ्यावर नाव ठोकून द्यायचं नाही.

20 जून 2021

सिकाडांनी रस्त्याकडच्या ओक झाडांचे शेंडे तपकिरी करून टाकले. मोठ्या पर्सिमनना काहीच नाही झालं, दोनचार शेंडे वाळले तेवढेच. शेजाऱ्यांनी मार्चमध्ये लावलेली सफरचंदाची काडी मात्र चिरून चिरून मोडली.

29 ऑगस्ट 2021

शेडखाली पहिली पिकलेली फळं पडली. ऑगस्टात पर्सिमन! पलीकडचे आजोबा कुंपणापाशी येऊन म्हणाले की दहिवर पडल्याशिवाय पर्सिमन खाऊ नये. इथं सगळे हेच सांगतात. दहिवराचा आणि पिकण्याचा तसा संबंध नाही. फळ मऊ होताना त्यातलं विरघळणारं टॅनिन एकमेकांत गुंतून जड होतं, लाळेतल्या प्रथिनांना पकडत नाही, म्हणून तुरटपणा लागत नाही. उशिराच्या जाती योगायोगानं दहिवराच्या वेळी पिकतात, एवढंच. आजोबांना एक फळ दिलं. खाल्लं, बी थुंकलं, आणि अजून एक मागितलं.

आजपासून नोंदीची पद्धत: झाडाखाली जुनी चादर, सकाळी रकूनच्या आधी उठून वेचणी. प्रत्येक झाडाच्या काही फळांचं वजन, रंग, घाट, बिया, टोपी फळाबरोबर आली की झाडावर राहिली, सालीची जाडी, आणि गिळल्यानंतर मिनिटभरानं तोंडात काय उरतं. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या घासाला प्रत्येक पिकलं पर्सिमन गोडच लागतं.

फळ हातानं तोडायचं नाही, पडेल तेच धरायचं. झाडावरून ओढून काढलेलं फळ मऊ लागलं तरी देठाजवळ तुरट असतं, आणि अशा फळावरून चव लिहिली की जातीचं मूल्यमापनच चुकतं.

24 ऑक्टोबर 2021

हंगामाचा आढावा.

शेड: ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. फळ चपटं, फिकट नारिंगी, चाळीस ग्रॅमच्या आसपास, काही पन्नासच्या वर. बिया कमी. टोपी बहुधा फळाबरोबर येते. गर स्वच्छ, चव सौम्य, मागे तुरटपणा जवळपास शून्य.

मधलं: सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर. गोलसर, गडद नारिंगी, तिसेक ग्रॅम. बिया भरपूर. चव चांगली, पण सालीलगत जरा चिकट तुरटपणा उरतो. पडल्यावर एक दिवस ओट्यावर ठेवलं की जातो.

कुंपण: ऑक्टोबर उजाडल्यावर सुरू, अजून चालूच आहे. पानं गळाली तरी फळं लटकलेली. लहान, विसेक ग्रॅम, तांबूस, वर निळसर लव. टोपी झाडावरच राहते, फळ स्वच्छ सुटून पडतं. आणि चव! गर घट्ट, गडद. गूळ, जर्दाळू आणि काहीतरी मसालेदार. रिफ्रॅक्टोमीटरवर तिघांत सर्वांत जास्त साखर याचीच.

अंदाज मांडले. शेडसाठी तीन उमेदवार: येट्स, प्रॉक, किंवा एच-118. येट्स दक्षिण इंडियानात मिळालेली, लवकर पिकणारी. प्रॉक मोठ्या फळासाठी प्रसिद्ध. एच-118 ही इलिनॉयमधल्या सेंट एल्मोच्या जिम क्लेपूल यांच्या संकरांतली. क्लेपूल यांनी ओळींना अक्षरं आणि झाडांना आकडे देऊन शेकडो रोपं वाढवली. त्यांतली निवड करण्यात ‘इंडियाना नट अँड फ्रूट ग्रोअर्स असोसिएशन’च्या सभासदांचा मोठा हात होता, आणि टेर होटच्या जेरी लेहमन यांनी ते काम पुढे नेलं. 100-46 ही ‘लेहमन्स डिलाइट’ नावानं विकली जाते, एच-118 ‘अर्ली ज्युएल’ म्हणून. एकाच झाडाला आकडाही आणि व्यापारी नावही असल्यानं याद्या वाचताना दोन जाती समजून एकच जात दोनदा विकत घेणारे लोक मला माहीत आहेत.

कुंपणासाठी एकच उमेदवार, मॉरिस बर्टन. मिचेल गावची, लहान, उशिराची, चवीला नावाजलेली. मिचेल इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सगळं जुळतंय, आणि म्हणूनच मला जरा शंका येतेय.

14 नोव्हेंबर 2021

पानं गळाल्यावर खोडं नीट दिसतात. आज कलमाचे सांधे शोधले.

पर्सिमनची जुनी साल काळी आणि खोल चिरांनी चौकोनी ढलप्यांत फुटलेली असते. खुंट (ज्याच्या मुळावर कलम बांधलं ते झाड) आणि वरची जात वेगळी असली तर ढलप्यांचा आकार बहुधा एका रेषेवर बदलतो. शेडला गुडघ्याएवढ्या उंचीवर अशी रेषा स्पष्ट आहे. मधल्याला जमिनीपासून हातभर वर, जरा तिरकी. कुंपणाला मी ओल्या कपड्यानं पुसून, टॉर्च मारून, खालची माती उकरून पाहिलं. सांधा कुठेच नाही. मुळापासून फांदीपर्यंत साल एकसारखी.

सांधा दिसत नाही म्हणजे नाहीच असं नाही, जुन्या झाडात तो बुजतो. जमिनीखाली केलेलं कलमही असू शकतं. पण पट्टीही नव्हती हे आता डोक्यात घोळतंय.

19 फेब्रुवारी 2022

कलमकाड्या आल्या: येट्स, प्रॉक, एच-118, अर्ली गोल्डन, गॅरेटसन, मॉरिस बर्टन. बहुतेक त्या-त्या जातीची जुनी झाडं असलेल्या सभासदांकडून. नर्सरीतून नावं मागवण्यावर माझा विश्वास कमी आहे. एका नर्सरीनं मागे आमच्या ओळखीच्यांना मादी म्हणून पाठवलेलं झाड वाढून नर निघालं.

काड्या शिसपेन्सिलीच्या जाडीच्या, झोपेत असलेल्या. टोकं पॅराफिल्मनं (ताणणाऱ्या मेणपट्टीनं) बंद, ओलसर कागद, झिपची पिशवी, फ्रिजच्या खालच्या खणात. त्या खणात सफरचंदं ठेवायची नाहीत, त्यांच्या वायूनं डोळे मरतात. नवऱ्याला बजावलंय.

15 मे 2022

कलमं केली. आंब्याच्या हिशेबानं घाई केली तर पर्सिमन दगा देतं. खुंट पालवून साल सुटू लागली पाहिजे आणि हवा खरोखर उबदार पाहिजे, पंचविसाच्या आसपास किंवा वर. त्याशिवाय सांधा भरत नाही. जाड फांद्यांवर साल कलम, बारीक फांद्यांवर जिभली कलम, जिथं फांदी सरळ चिरता आली तिथं पाचर. काडीवर दोन डोळे पुरतात. सगळी काडी पॅराफिल्मनं गुंडाळली, डोळ्यावर एकच पातळ पदर, म्हणजे अंकुर तो फाडून येतो.

मुद्दा असा की ओळखीच्या जातीच्या काड्या मी अनोळखी झाडांवरच बांधल्या. येट्स, प्रॉक आणि एच-118 शेडच्या फांद्यांवर. अर्ली गोल्डन आणि गॅरेटसन मधल्यावर. मॉरिस बर्टन कुंपणावर. मूळ तेच, माती तीच, पाऊस-ऊन तेच. इतरांच्या बागेतल्या तारखा आणि वजनं आपल्या फळाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. पन्नास मैल दक्षिणेला तेच झाड आठवडाभर आधी पिकतं. शेजारशेजारच्या फांद्यांवर मात्र तारखेचा फरक हा जातीचाच फरक. फळ दिसायला दोनतीन वर्षं लागतील. लागू देत.

प्रत्येक काडीला अॅल्युमिनियमची पट्टी, टोकदार खिळ्यानं कोरलेली. पेन नाही. वहीत फांदीचा नकाशा वेगळा.

29 मे 2022

फुलं उमलण्याआधी मधल्या झाडाच्या काही मादी फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या, पराग आत जाऊ नये म्हणून. जवळपास नर फूल नाही ना हे आधी बघून. नराशिवाय फळ धरतं का, हे त्या वंशाचं आणखी एक लक्षण.

इथं गुणसूत्रांचं थोडं. अमेरिकन पर्सिमनचे दोन वंश आहेत: दक्षिणेकडचा आणि अॅपलेशियन डोंगराळ भागातला 60 गुणसूत्रांचा, आणि उत्तर व पश्चिमेकडचा 90 चा. बाल्डविन आणि कल्प यांनी 1941 मध्ये हे मांडलं. नामांकित उत्तरी जाती बहुतेक 90 च्या. 60 चा नर 90 च्या मादीला नीट बी धरायला लावत नाही. मधल्या झाडाच्या फळात भरगच्च बिया येतात, म्हणजे चरालगतचा नरही 90 चाच असणार.

26 जून 2022

बहुतेक कलमं लागली. गॅरेटसन वाळली. एच-118 चा कोंब हातभर झाला आहे आणि वाऱ्यानं हलतोय. सांधा अजून कच्चा, म्हणून बांबूला सैल बांधला. शेंड्यांची पानं कुरळी झाली आहेत, आत पांढरा मेणकट कापूस: पर्सिमनचा सिलिड किडा. मोठ्या झाडाला तो काही करत नाही, कलमाच्या एकुलत्या कोंबाला करतो. हातानं चिरडले. फवारणी नाही केली.

मधल्या झाडाच्या बुडाशी खुंटाचे फुटवे आले आहेत. एक सोडून सगळे काढले. तो मुद्दाम ठेवला, तो काय फुलं देतो ते बघायचंय.

सप्टेंबरअखेर 2022

मिचेलचा पर्सिमन महोत्सव. 1947 पासून भरतोय. जत्राच आहे: पाळणे, मिरवणूक, आणि पर्सिमन पुडिंगची स्पर्धा, जिच्यावर गावातले लोक भलतेच गंभीर असतात. मी गेले ते म्हाताऱ्या माणसांशी बोलायला. मॉरिस बर्टनबद्दल विचारलं. एका आजींनी सांगितलं की त्यांच्या घरी ती आहे आणि ‘फळ लहान, पण त्यापुढे बाकीची पाणी.’ त्यांनी दिलेली चार फळं पिशवीत घेऊन आले. आमच्या कुंपणाशी ताडायला ती पिकायची वेळ मात्र जुळत नव्हती: आजींची पिकून पडत होती आणि आमची अजून दगड. गाव इतकं जवळ असून एवढा फरक माझ्या मनाला पटला नाही. वहीत प्रश्नचिन्ह.

जाळीच्या पिशव्यांतली फळं: काही गळाली, पण बरीच टिकली, आकारानं लहान आणि पूर्ण बिनबियांची. म्हणजे मधलं नराशिवायही फळ धरतं. धागा दुसरा.

गर काढायला इथले लोक हाताची चाळणी वापरतात. माझं पुरणयंत्र त्याहून सरस निघालं. मात्र बारीक जाळी लावली की चपट्या बिया आडव्या बसून भोकं बुजवतात; मोठ्या भोकांची चकती लावायची आणि दट्ट्या एका दिशेला फिरवत असतानाच मधूनमधून उलटा फिरवायचा. साल आणि बिया वर राहतात, खाली रेशमी नारिंगी गर. त्यातल्या टोप्या आधी काढाव्या लागतात, एक जरी चुकून गेली तरी कडवट पूड उतरते.

त्या गराचे घारगे केले, भोपळ्याच्या पद्धतीनं. शेडच्या गराचे उत्तम झाले. मधल्याच्या गराचे तळल्यावर पुन्हा तुरट लागले, कच्च्या गराला अजिबात तुरटपणा नसताना! आच लागली की गुंतलेलं टॅनिन काही अंशी सुटतं. इंडियानाच्या पुडिंगमध्ये ताक आणि खायचा सोडा का घालतात ते तेव्हा कळलं. सोड्यानं ते काळपट होतं, पण तुरटपणा मारतं. मधल्याचा गर मी आता चक्क्यात मिसळते, आम्रखंडासारखा. शिजवायचं नाही, आणि दुधातली प्रथिनं उरलंसुरलं टॅनिन पकडून ठेवतात. ही चव-चाचणी नोंदीत कायमची घातली: गर थोडा तापवून चाखायचा. नर्सरीच्या वर्णनात हे कधी नसतं आणि घरच्या बागेत हेच सगळ्यात उपयोगी.

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा ज्यांचं जठर हळू रिकामं होतं त्यांनी पर्सिमन उपाशीपोटी भरपूर खाऊ नये, विशेषतः कच्चं. टॅनिनची जठरात घट्ट गाठ बनू शकते. बाबांना म्हणून एकच वाटी, जेवणानंतर.

11 सप्टेंबर 2023

शेडखाली बोटभर जाडीच्या फांद्या पडलेल्या, टोक इतकं गुळगुळीत की करवतीनं कापल्यासारखं वाटावं. फांदी गोल कुरतडणारा भुंगा. मादी फांदी वर्तुळाकार कुरतडते आणि त्यापुढच्या भागात अंडी घालते. वाऱ्यानं पडली की अळ्या आत वाढतात. म्हणून पडलेली प्रत्येक फांदी वेचून जाळायची, झाडाखाली कुजू द्यायची नाही. प्रॉकची कलम-फांदी त्यात गेली नाही, थोडक्यात बचावली.

नोव्हेंबर 2023

हरणानं कुंपणाजवळच्या बारक्या झाडावर शिंगं घासून एका बाजूची साल सोलली. पण त्यामुळेच ते झाड मी नीट पाहिलं. कुंपणापासून काही पावलांवर झुडपांत वाढलेलं, मनगटाएवढं. खाली पडलेली फळं: लहान, तांबूस, निळसर लवेची, टोपी नसलेली. एका फांदीवर अजून टोप्या चिकटून होत्या.

दोन्हींची फळं चिरून शेजारी ठेवली. गराचा रंग, बियांचा आकार, सालीवरचे डाग, चव, तापवल्यावरची चव, सगळं तेच. फावडं घेऊन मधली माती काढली. काळं मूळ, पर्सिमनची मुळं काळीच असतात, एका खोडापासून दुसऱ्यापर्यंत सलग गेलेलं.

म्हणजे तो कुंपणाचा फुटवा आहे. आणि फुटव्याची फळं हुबेहूब वरच्या झाडाची. कलम असतं तर मुळातून आलेला फुटवा खुंटाचा निघाला असता. कुंपण हे कलमच नाही, आपल्या मुळावर उभं असलेलं बी-रोप आहे. त्याला नाव कोणी दिलेलंच नाही, मग सापडणार कुठून? पट्टी नसण्याचं कारण हे.

बिया चिरून पाहिल्या, आजोबांच्या आग्रहावरून. आतला पांढरा गर्भ चमच्यासारखा दिसला तर बर्फ फार, काट्यासारखा दिसला तर हिवाळा सौम्य, सुरीसारखा दिसला तर बोचरी थंडी, असा इथला होरा. दोन दलं मिटलेली असली की चमचाच दिसतो, त्यामुळे इंडियानात दरवर्षी बर्फाचं भाकीत निघतं. आजोबा खूश.

8 एप्रिल 2024

दुपारी खग्रास सूर्यग्रहण. ब्लूमिंग्टनचा परिसर बरोबर छायेच्या पट्ट्यात. कोंबड्या खुराड्यात गेल्या. बागेत काम शून्य.

4 जून 2024

मधल्याच्या बुडाशी ठेवलेला फुटवा पहिल्यांदा फुलला. तिघातिघांचे झुबके, फक्त नर. म्हणजे खुंट नर आणि वर मादी जात: मधलं निःसंशय कलम आहे. फुटव्याचं काम झालं, पण नर म्हणून तो तसाच ठेवते, उंची मर्यादेत ठेवून.

शेडवरच्या येट्स, प्रॉक आणि एच-118 च्या फांद्यांवर फुलं आहेत. अर्ली गोल्डनवर आहेत. मॉरिस बर्टनवर थोडी.

30 सप्टेंबर 2024

ज्यासाठी एवढा खटाटोप, तो हंगाम.

शेडवर: एच-118 आणि शेडची स्वतःची फळं एकाच आठवड्यात पडायला लागली, पण एच-118 चा रंग गडद आणि घाट वेगळा. बाद. प्रॉक त्यानंतर सुरू झाली आणि फळ वजनानं स्पष्टपणे मोठं. बाद. येट्सची फांदी आणि शेडची शेजारची फांदी: सुरुवात एकत्र, रंग एक, चपटेपणा एक, बिया दोन्हीत कमी, टोपी दोन्हीत फळाबरोबर. नवऱ्याला आणि पलीकडच्या आजोबांना पेल्यांवर नुसते आकडे लिहून दोन्हींचा गर दिला. फरक सांगता आला नाही, तापवूनही नाही. पट्टीवर कोरलं: ‘येट्स?’ प्रश्नचिन्हासकट. येट्सच्या बियांतून आलेलं एखादं भावंड इतकंच सारखं असू शकतं आणि जनुकीय तपासणीशिवाय ते वेगळं काढता येणार नाही. कोणी काडी मागितली तर प्रश्नचिन्हासकटच द्यायची. पर्सिमनच्या जातींचा निम्मा घोळ असली प्रश्नचिन्हं वाटेत गळल्यानं झाला आहे.

मधल्यावर: अर्ली गोल्डनची फांदी जवळ आहे पण तीच नाही. मधल्याचं फळ जरा उशिरा, जरा लांबट, आणि तापवल्यावर जास्त तुरट. वंश तोच, जात वेगळी. पट्टी: ‘अर्ली गोल्डन गट’. किलनची काडी मिळाली तर ताडून बघेन. नाही मिळाली तरी चक्क्याला हे झाड पुरतं.

19 ऑक्टोबर 2024

मॉरिस बर्टनची कलम-फांदी संपून आठवडे झाले, कुंपण आता कुठे भरात आहे. महोत्सवातल्या आजींच्या फळांनी सांगितलं होतं तेच एकाच झाडावर दिसलं. दोन्ही चवीला उत्तम. मॉरिस बर्टन जास्त गोड. कुंपणाच्या चवीत जास्त काही आहे, आणि तळल्यावर घारगे तुरट होत नाहीत. मधमाश्या आणि गांधीलमाश्या याच्याच पडलेल्या फळांवर जास्त असतात, वेचताना हातमोजे.

पट्टी: ‘कुंपण. बी-रोप, स्वतःच्या मुळावर. मादी. ऑक्टोबर-नोव्हेंबर.’ फॅन्सी नाव ठेवायचा आग्रह घरात झाला, विशेषतः मुलीकडून. नाही ठेवलं. दुसऱ्या दोनतीन बागांत, दुसऱ्या मातीत त्याची फळं तपासली गेली तर मग बघू.

10 नोव्हेंबर 2024

कुंपण स्वतःच्या मुळावर असल्याचा मोठा फायदा: त्याचा प्रत्येक फुटवा अस्सल तोच. शेड आणि मधल्याचे फुटवे मात्र नुसते खुंट, ते कोणाला द्यायचे नाहीत.

फुटवा सरळ उपटून लावला तर मरतो, कारण त्याला स्वतःची तंतुमुळं जवळपास नसतात, तो आईच्या मुळावर जगत असतो. म्हणून आज गुडघ्याएवढे चांगले फुटवे निवडून त्यांच्या दोन्ही बाजूंना धारदार फावड्यानं जोडमूळ तोडलं, जागेवरच राहू दिले, भोवती पालापाचोळा आणि हरणांसाठी जाळी. पुढचा सगळा हंगाम तिथंच आपली मुळं धरतील. 2026 च्या मार्चमध्ये, डोळे फुगण्याआधी, मातीच्या गड्ड्यासकट काढायचे. एक आजोबांना, एक मिचेलच्या आजींना. काड्या फेब्रुवारीत असोसिएशनच्या लोकांना, पट्टीवरचा सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून.